लॅपटॉपमधील ग्राफिक्स यंत्रणेची बदलक्षमता : एक ऐतिहासिक आढावा (१९८१ ते २०२५)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणक कार्यालयातून घरात आणि घरातून प्रवासी पिशवीत आला. या वाटचालीचा इतिहास सामान्यतः वेग, आकार आणि किंमत या तीन अंगांनी सांगितला जातो. तथापि, त्याला चौथे अंगही आहे. विकत घेतलेल्या यंत्रात पुढे बदल करण्याची ग्राहकाची क्षमता कशी वाढली आणि कशी घटली, हे ते अंग होय. डेस्कटॉप संगणकाचे ग्राफिक्स कार्ड काढून दुसरे बसवणे हे आजही सामान्य तंत्रज्ञाचे काम आहे. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र 'खरेदीनंतर ग्राफिक्स वाढवता येईल काय?' या प्रश्नाला बहुतेक वेळा नकारार्थी उत्तर मिळते.

हा नकार सहसा आकार आणि उष्णता या दोन तांत्रिक कारणांनी समर्थिला जातो. ही कारणे खरी आहेत. परंतु पुरेशी नाहीत. कारण काढता-घालता येणारी ग्राफिक्स यंत्रणा असलेले लॅपटॉप वेळोवेळी बाजारात आले, काही वर्षे टिकले आणि मागे पडले. जे अनेकदा प्रत्यक्षात उतरले त्याला अशक्य म्हणता येत नाही. ते टिकले का नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वैयक्तिक संगणकातील ग्राफिक्स यंत्रणेच्या बदलक्षमतेचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) लॅपटॉपसाठी झालेल्या प्रमुख प्रयत्नांच्या यशापयशाची कारणे शोधणे.
३) या इतिहासाचा शैक्षणिक संस्थांच्या खरेदीशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

येथे 'बदल' आणि 'वाढ' यांत भेद केला आहे. बिघडलेला भाग काढून तसाच भाग बसवणे हा बदल. अधिक क्षमतेचा, पुढील पिढीचा भाग बसवणे ही वाढ. पहिल्यासाठी सुटा भाग पुरतो. दुसऱ्यासाठी दोन पिढ्यांना समान असा सांधा लागतो.

खुला स्लॉट आणि त्याची फलश्रुती

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या मदरबोर्डवर पडद्यासाठी कोणतीही यंत्रणा नव्हती. पाच विस्तार-स्लॉट होते आणि त्यांपैकी एकात ग्राहकाने पडद्याचे कार्ड बसवावे, अशी रचना होती. कंपनीने या संगणकाची तांत्रिक पुस्तिका विद्युत-आराखड्यांसह प्रसिद्ध केली. त्यामुळे स्लॉटला काय जोडता येईल, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या आयबीएमकडे राहिला नाही.

याचे परिणाम लवकरच दिसले. १९८२ मध्ये व्हॅन सुवन्नुकुल यांनी हर्क्युलस हे ग्राफिक्स कार्ड तयार केले. थाई लिपीतील मजकूर संगणकावर लिहिता यावा, ही त्यामागील मूळ गरज होती. आयबीएमचे एकरंगी कार्ड केवळ ठरावीक अक्षरचिन्हे दाखवत असे. हर्क्युलसने त्याच पडद्यावर ७२० × ३४८ बिंदूंचे चित्र उमटवले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण म्हणजे 'जिस्ट' कार्ड. आयआयटी कानपूर येथे ऐंशीच्या दशकात सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे गेले. संगणकाच्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले की डॉसवर चालणाऱ्या, मूलतः रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या अनेक प्रणालींत देवनागरी व इतर भारतीय लिप्या दिसू लागत. मूळ उत्पादकाने ज्या भाषेचा विचारही केला नव्हता, ती भाषा त्याच्या यंत्रावर आली ती मोकळ्या स्लॉटमुळे. स्लॉटचा खुलेपणा केवळ हौशी ग्राहकाच्या सोयीचा विषय नव्हता, हे यावरून लक्षात येते.

पुढे स्लॉटची रूपे बदलली. १९९२ मध्ये पीसीआय, त्यानंतर १९९७ च्या सुमारास एजीपी आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस ही प्रमाणके रूढ झाली. प्रत्येक टप्प्यावर जुनी कार्डे निरुपयोगी झाली. पण ज्या काळात जे प्रमाणक होते ते सर्व उत्पादकांना समान होते. कार्डाचा आकार, जोडणीचे टोक, वीजपुरवठा आणि पेटीत स्क्रू बसवण्याची जागा या चारही गोष्टी पूर्वनिश्चित होत्या. कार्ड स्वतःचा पंखा व उष्णता-शोषक घेऊनच येत असे.

सुवाह्य संगणक आणि हरवलेला स्लॉट

नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेल्या कॉम्पॅक पोर्टेबल या संगणकाचे वजन सुमारे १३ किलोग्रॅम होते. तो विजेच्या जोडणीवरच चालत असे. पण त्यात पूर्ण आकाराचे स्लॉट होते. १९८५ च्या तोशिबा टी ११०० ने मांडीवर मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाचा मार्ग दाखवला. या लहान देहात पूर्ण आकाराच्या कार्डाला जागा नव्हती. पडद्याची चिप मदरबोर्डवरच बसवली गेली. हर्क्युलस किंवा जिस्ट यांसारख्या कार्डांना येथे दारच उरले नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून १९८९ मध्ये पीसीएमसीआयए ही संघटना स्थापन झाली आणि पुढील वर्षी पत्त्याएवढ्या कार्डाचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. मोडेम, नेटवर्क आणि स्मृती यांसाठी ते यशस्वी ठरले. मात्र अंगच्या पडद्याला चित्र पुरवणाऱ्या मुख्य यंत्रणेसाठी ते योजलेलेच नव्हते.

नव्वदच्या दशकात यामुळे फारशी अडचण झाली नाही. लॅपटॉपवरील काम प्रामुख्याने लेखन, हिशेब आणि पत्रव्यवहार यांचे होते. प्रश्न तीव्र झाला तो त्रिमितीय चित्रणाच्या प्रसारानंतर. नोव्हेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २ गो ही लॅपटॉपसाठीची चिप जाहीर केली. एटीआयनेही त्याच सुमारास मोबिलिटी रॅडिऑन आणली. ग्राफिक्स चिपची क्षमता आता दर वर्ष-दीड वर्षाने लक्षणीय वाढत होती. यंत्राचा उर्वरित भाग चांगला असतानाही चित्रणाच्या बाबतीत ते जुने ठरू लागले. डेलच्या इन्स्पिरॉन ८००० मालिकेतील काही लॅपटॉपांत ग्राफिक्स स्वतंत्र पाटीवर बसवलेले होते आणि जाणकार ग्राहक ती पाटी बदलतही असत. पण तो सांधा एका कंपनीच्या एका मालिकेपुरताच होता.

एमएक्सएम : प्रमाणकाचा प्रयत्न

२००४ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप उत्पादकांच्या सहकार्याने एमएक्सएम हे प्रमाणक पुढे आणले. पीसीआय एक्सप्रेसवर आधारित लहान पाटी, तिचे ठरावीक आकार आणि ठरावीक जोडणी अशी ही कल्पना होती. एटीआयने अॅक्सिओम नावाचा पर्याय मांडला. तो रुजला नाही. म्हणजे आरंभीच दोन प्रतिस्पर्धी सांधे निर्माण झाले होते. २००८ मध्ये एमएक्सएमची तिसरी आवृत्ती आली. तिने जोडणीचे टोक बदलले आणि ८२ × ७० व ८२ × १०५ मिलिमीटर असे दोन आकार निश्चित केले. परिणामी, आधीच्या चार वर्षांतील लॅपटॉपांत नवीन पाटी बसेनाशी झाली. ज्या प्रमाणकाचा हेतूच पिढ्यांना जोडणे हा होता, त्याने स्वतःच्या ग्राहकांची पहिली पिढी मागे टाकली.

तरीही हे प्रमाणक बराच काळ वापरात राहिले. मोठ्या आकाराच्या गेमिंग लॅपटॉपांत, अभियांत्रिकी कामाच्या लॅपटॉपांत, इतकेच नव्हे तर अॅपलच्या त्या काळातील काही आयमॅक संगणकांतही एमएक्सएम पाट्या होत्या. मग ग्राहकाला खरेदीनंतर ग्राफिक्स वाढवता का आले नाही? याची चार कारणे सांगता येतात.

पहिले कारण उष्णतेच्या मार्गाचे. पाटीसोबत तिचा उष्णता-शोषक येत नसे. लॅपटॉपमधील तांब्याच्या नळ्या व पंखा हे त्या यंत्राच्या उत्पादकाने आपल्या सोयीने घडवलेले असत. नव्या पाटीवरील चिपची उंची किंवा स्मृतीच्या चिपांची जागा थोडी वेगळी असली, तरी जुना शोषक तिला नीट टेकत नसे. दुसरे कारण विजेचे. यंत्राचा अडॅप्टर आणि अंतर्गत वीजपुरवठा मूळ चिपच्या गरजेनुसार बेतलेला असे. तिसरे कारण बायोसचे. अनेक यंत्रांचे बायोस उत्पादकाने निवडलेल्या पाट्याच ओळखत असे. चौथे कारण बाजारपेठेचे. या पाट्या लॅपटॉप उत्पादकांना विकण्यासाठी होत्या. दुकानात खोक्यात घालून, हमीपत्रासह त्या सहसा मिळत नसत.

तात्पर्य, एमएक्सएमने विद्युत-जोडणीचे प्रमाणीकरण केले. उष्णता, वीज, बायोस आणि विक्री या चार बाबी उत्पादकावर सोडल्या. त्याचा खरा लाभार्थी उत्पादक होता. एकाच मदरबोर्डवर तीन निरनिराळ्या ग्राफिक्स पाट्या बसवून त्याला तीन किमतींची यंत्रे विकता येत. औद्योगिक व वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात एमएक्सएम पाट्या आजही वापरल्या जातात. तेथे खरेदीदार संस्था मोठ्या असतात आणि दीर्घकाळ सुटे भाग मिळण्याची अट घालू शकतात. वैयक्तिक ग्राहकाकडे असे बळ नव्हते.

सोल्डरचा धडा

ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर कायमची सोल्डर करण्याचा परिणाम २००८ मध्ये उघड झाला. त्या वर्षी जुलै महिन्यात एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिपांच्या बांधणीतील सदोष साहित्यामुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागत असल्याचे जाहीर केले. चिप तापणे आणि थंड होणे यांच्या आवर्तनात चिप व तिचा तळ यांमधील सूक्ष्म सांधे निकामी होत होते. अॅपलनेही फेब्रुवारी २०१५ मध्ये २०११ ते २०१३ या काळातील काही मॅकबुक प्रो यंत्रांसाठी चित्रणदोषाबाबत विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली.

डेस्कटॉपमध्ये असा दोष आढळला असता तर कार्ड बदलून काम भागले असते. लॅपटॉपमध्ये एका चिपच्या दोषासाठी संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागे. हमीची मुदत संपलेली असल्यास हा खर्च यंत्राच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत चिप उचलून पुन्हा बसवण्याचे, ज्याला तंत्रज्ञ 'रीबॉलिंग' म्हणतात, ते काम चालते. हे कौशल्याचे काम आहे; पण चिपच्या आतील सांधाच निकामी झाला असेल तर हा उपाय तात्पुरता ठरतो.

बाहेरून जोडणीचा मार्ग

आतील दार बंद झाल्यावर बाहेरून मार्ग शोधला गेला. जानेवारी २००७ मध्ये आसुसने एक्सजी स्टेशन हे बाह्य ग्राफिक्स उपकरण दाखवले. २००८ मध्ये एएमडीने एक्सजीपी ही जोडणी मांडली आणि फुजित्सू-सीमेन्सच्या अमिलो लॅपटॉपसोबत ती आली. २०११ मध्ये सोनीने व्हायो झेड या लॅपटॉपसोबत ग्राफिक्स चिप असलेली बाह्य पेटी दिली. हे सारे प्रयत्न एकेका यंत्रापुरते किंवा अल्पजीवी राहिले.

२०१५ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ३ मुळे चित्र बदलले. प्रतिसेकंद ४० गिगाबिट क्षमतेच्या या जोडणीवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांत डेस्कटॉपचे साधे कार्ड घालून ते लॅपटॉपला जोडता येऊ लागले. खरेदीनंतर ग्राफिक्स वाढवण्याचा हा सर्वांत व्यापक मार्ग ठरला. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. डेस्कटॉपमधील कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या १६ मार्गिका मिळतात. येथे चारच मिळतात. पेटी आणि कार्ड यांचा एकत्रित खर्च मोठा होतो आणि वाढलेली क्षमता मेजापाशी बसल्यावरच मिळते. शिवाय ही सोयही उत्पादकाच्या धोरणावर अवलंबून असते. अॅपलने मार्च २०१८ मध्ये बाह्य ग्राफिक्सला अधिकृत पाठिंबा दिला. परंतु नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या स्वतःच्या प्रक्रियकांच्या यंत्रांत तो उरला नाही.

एकात्म रचनेची बाजू

बदलक्षमतेच्या विरोधात जाणारी एक बाजू प्रामाणिकपणे नोंदवणे आवश्यक आहे. जानेवारी २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज प्रक्रियकांत ग्राफिक्स मुख्य प्रक्रियकाच्या चिपमध्येच समाविष्ट झाले. सर्वसामान्य कामांसाठी स्वतंत्र ग्राफिक्सची गरज त्यामुळे कमी झाली, यंत्र हलके झाले आणि बॅटरी अधिक काळ पुरू लागली. २०२० मधील अॅपलच्या एम १ या चिपने प्रक्रियक आणि ग्राफिक्स यांना एकच स्मृती दिली. चिपलगत सोल्डर केलेल्या स्मृतीमुळे माहितीची ने-आण वेगवान होते, हा लाभ खरा आहे. तेव्हा सोल्डरमागे केवळ नफ्याचा हेतू पाहणे एकांगी ठरेल. मात्र ग्राहक येथे एक गोष्ट देऊन दुसरी घेतो, आणि ही देवघेव त्याला खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

दोन अलीकडील प्रयोग

जानेवारी २०१९ मध्ये डेलने एलियनवेअर एरिया ५१ एम हा लॅपटॉप जाहीर केला. त्यात काढता येणारी, परंतु डेलच्या स्वतःच्या रचनेची ग्राफिक्स पाटी होती. त्याच पिढीतील अधिक क्षमतेच्या पाट्या कंपनीने विकल्याही. पुढील पिढीच्या भागांसाठी मात्र हा सांधा उपयोगी पडला नाही, आणि यंत्र वाढवता येईल अशी जाहिरात दिशाभूल करणारी होती, असा आरोप करणारा दावा २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाखल झाला. दाव्याची गुणवत्ता बाजूला ठेवली, तरी या प्रकरणाने प्रश्न नेमका केला. पाटी सुटी होती, म्हणून 'बदल' शक्य होता. सांध्याच्या सातत्याची हमी नव्हती, म्हणून 'वाढ' अडली.

दुसरा प्रयोग फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीचा. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२४ च्या आरंभी ग्राहकांच्या हाती आलेल्या लॅपटॉप १६ मध्ये ग्राफिक्सचा संपूर्ण खण मागील बाजूने काढता येतो. येथे पंखे व उष्णता-शोषक पाटीसोबतच येतात. एमएक्सएमने मोकळा सोडलेला सर्वांत अवघड दुवा येथे सांध्याच्या व्याख्येतच घेतला गेला. खणाचे आराखडेही कंपनीने सर्वांसाठी प्रसिद्ध केले आहेत. आरंभी या खणासाठी एएमडीची रॅडिऑन आरएक्स ७७०० एस पाटी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने एनव्हिडियाची जीफोर्स आरटीएक्स ५०७० पाटी जाहीर केली, आणि ती आधीच्या खरेदीदारांच्या यंत्रांतही बसते. वेगळ्या चिप-उत्पादकाची, पुढील पिढीची पाटी जुन्या यंत्रात बसणे ही या इतिहासातील दुर्मीळ घटना होय. अर्थात हा सांधा आज एकाच कंपनीने सांभाळलेला आहे, ही त्याची मर्यादा.

स्मृतीशी तुलना

याच लॅपटॉपांत स्मृती आणि साठवण-चकती मात्र वर्षानुवर्षे सहज वाढवता येत होती. लॅपटॉपच्या स्मृतिपाटीचे प्रमाणक जेडेक या अनेक उत्पादकांच्या सामाईक संस्थेने ठरवले होते. स्मृती बनवणाऱ्या अनेक कंपन्या होत्या, त्यांना किरकोळ विक्रीत रस होता आणि स्मृतिपाटीला स्वतंत्र पंख्याची गरज नव्हती. ग्राफिक्समध्ये याउलट दोनच प्रमुख चिप-उत्पादक उरले आणि प्रमुख प्रमाणकाचे नेतृत्व त्यांपैकी एकाकडे होते. जागेची टंचाई दोन्हींना सारखीच होती. यावरून निर्णायक फरक उष्णतेचा आणि सांध्याच्या स्वामित्वाचा होता, असे म्हणता येते.

कायदा, संस्था आणि भारतीय संदर्भ

ग्राहकाच्या या अधिकाराला अलीकडे कायद्याचे रूप येऊ लागले आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक केले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यासाठीचे पोर्टल सुरू केले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मात्र हे प्रयत्न मुख्यतः दुरुस्ती आणि विल्हेवाट यांच्याशी, म्हणजे 'बदला'शी निगडित आहेत. 'वाढी'साठी लागणारे सांध्याचे सातत्य त्यांच्या कक्षेत ठळकपणे आलेले नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय व्यवहाराचा आहे. भूगोल विभागातील नकाशाप्रणाली, दृकश्राव्य संपादन आणि अलीकडील यंत्र-अध्ययनाचे प्रात्यक्षिक यांना ग्राफिक्सची क्षमता लागते. अनुदान मात्र एकदाच मिळते आणि पुढील अनुदानाची खात्री नसते. डेडस्टॉक नोंदवहीत यंत्र 'चालू' राहते आणि नव्या प्रणालीसाठी निकामी ठरते. निर्लेखनाची प्रक्रिया होईपर्यंत ते कपाट अडवते. निविदेच्या तुलनातक्त्यात प्रक्रियक, स्मृती आणि किंमत यांचे रकाने असतात. 'पाच वर्षांनी कोणता भाग वाढवता येईल?' असा रकाना नसतो. ज्या कामाला यंत्र हलवण्याची गरज नाही, तेथे डेस्कटॉप घेणे हा आजही सर्वांत टिकाऊ निर्णय आहे. लॅपटॉप अपरिहार्य असल्यास थंडरबोल्ट किंवा तत्सम जोडणी, सुटी स्मृती आणि सुट्या भागांच्या पुरवठ्याची लेखी मुदत या बाबी मागणीपत्रात नोंदवणे शक्य आहे.

निष्कर्ष

१) लॅपटॉपमधील ग्राफिक्स यंत्रणा बदलता येणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, गेल्या पंचवीस वर्षांत ते अनेकदा साध्य झाले आहे. सर्वसामान्य लॅपटॉपमध्ये मात्र खरेदीनंतर अंतर्गत ग्राफिक्स वाढवता येत नाही, असेच धरून चालावे लागते.
२) सुटी पाटी म्हणजे वाढीची हमी नव्हे. जोडणी, उष्णता, वीज, बायोस आणि किरकोळ विक्री या पाचही बाबी सांध्याच्या व्याख्येत आल्या, तरच वाढ शक्य होते.
३) जो सांधा एका कंपनीच्या स्वाधीन राहिला तो तिच्या सोयीपुरता टिकला; जो अनेकांच्या सामाईक संस्थेकडे होता तो पिढ्या ओलांडू शकला.
४) एकात्म रचनेचे लाभ खरे आहेत, परंतु त्यांच्या बदल्यात ग्राहक काय गमावतो, हे खरेदीपूर्वी स्पष्ट होणे आवश्यक आहे.
५) खुल्या स्लॉटचे महत्त्व केवळ आर्थिक नाही. थाई आणि देवनागरी लिप्यांची उदाहरणे दाखवतात त्याप्रमाणे, उत्पादकाने न योजलेल्या गरजा समाजाला स्वतः भागवता येणे, हे त्याचे खरे मोल आहे. बंद सांध्यामुळे होणाऱ्या हानीत या शक्यतेची हानीही मोजली पाहिजे.